मदत हवी आहे: नवी सिस्टर काही विचारतच नाही

मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन १२ वर्षं झाली. जूनमध्ये तीन फ्रेशर आल्या, इन्चार्ज सिस्टरनी तिघींना माझ्या गळ्यात बांधलं. माझे पेशंट काही कमी केले नाहीत, ते असो.

त्यातली एक जतकडची, हाताला चपळ. मागच्या आठवड्यात नाश्त्याआधी इन्सुलिन भरत होती. व्हायल मिलीला ४० युनिटची आणि सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे मिलीला १०० ची. ४० च्या, लाल टोपणाच्या संपल्या होत्या. तिने १० च्या रेघेपर्यंत भरलं, म्हणजे पेशंटला जाणार ४ युनिट. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये, तर १० च्या जागी २५ गेले असते! त्या भीतीनं माझं तोंड सुटलं. नातेवाइकांसमोर, मावशींसमोर.

तेव्हापासून पोरगी गप्प. "जमतंय ना?" तर "हो ताई." परवा नाईटला पोटॅशियमची ऑर्डर होती. थेट शिरेत द्यायचं नाही, सलाईनमधून सावकाश सोडायचं, हे तिला पाठ आहे. पण थेंबांचा हिशेब औषधाच्या खोक्यावर तीनदा खोडून मांडत बसली होती. मी चार पावलांवर होते.

इन्चार्ज म्हणतात, आपणही रडतच शिकलो. मला ते पटत नाही. पण चूक दिसल्यावर तिथेच थांबवायचं तर बोलायचं कसं?

प्रतिसाद (सातारा):
ताई, "जमतंय ना?" विचारूच नका, त्याला "हो" शिवाय उत्तर नाही. "कसं काढलंस, दाखव" म्हणा. आणि इन्सुलिन, पोटॅशियम दोघींनी तपासायचंच असतं, तर आधी तुम्ही भरलेलं तिच्याकडून तपासून घ्या. ओरडलात त्याबद्दल तिच्याशी बोललात का?

धागाकर्ती:
बोलले, चहाच्या वेळी. तिने नुसती मान हलवली. पण आज सकाळी माझी सिरिंज आणि व्हायल तिच्या हातात दिली. उजेडाला धरून लेबल वाचलं, रेघ बघितली. मग हळूच म्हणाली, "ताई, व्हायल कधी फोडली ती तारीख नाही यावर. फोडल्यावर वापरायचे २८ दिवस कसे मोजायचे?"

फोडली मीच होती.