शिक्रा, ससाणा की घार? झडप नेमकी कुणाची?

रविवारी सकाळी कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या आमच्या परसात जास्वंदीवरचा लालबुड्या बुलबुल गेला. पाला सळसळला, बाकी आवाज नाही. बाहेर येऊन बघतोय तर कुंपणाच्या भिंतीवर पारव्याएवढा राखाडी पक्षी. छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, डोळे लालभडक. बुलबुल दोन्ही पंजांत. तो थंड होईपर्यंत पक्षी नुसता आवळत राहिला, मग पिसं उपटायला लागला. खाली धुतलेल्या पायरीवर पिसांचा सडा पडला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घारीनं नेला व्हय?" माझा मुलगा म्हणाला, "ससाणा हाय." आई आतूनच म्हणाली, "शिकरा असंल."

आईचं बरोबर. पण तीन तोंडांतून तीन शब्द आले, म्हणून हा धागा काढतोय.

घार आकाशात घिरट्या घालते. उघड्यावरचं कोंबडीचं पिल्लू दिसलं की खाली येऊन उचलते. म्हणून आपण "घारीनं पिल्लू उचललं" म्हणतो, आणि ते अगदी नेमकं आहे. दाट जास्वंदीत घुसून बुलबुल धरणं हे तिचं काम नव्हे.

शिक्रा घिरट्यांवर शिकार करत नाही. आंब्याच्या, चिंचेच्या पानोळ्यात दबा धरून बसतो आणि जवळच्या जवळ झेप घेतो. सरडे, उंदीर, खारीची पिल्लं, चिमण्या, जे मिळेल ते. तेव्हा "शिक्रा घिरट्या घालत होता आणि त्यानं बुलबुलावर झडप घातली" असं कुणी लिहिलं तर मला त्यात दोन पक्षी दिसतात.

ससाणा तिसराच. शब्द संस्कृत 'शशादन'वरून आलेला, म्हणजे सशाला खाणारा. शिबी राजाच्या कथेत कपोतामागे लागलेला श्येन मराठीत येताना ससाणाच होतो. त्यामुळं बाकदार चोचीचा कुठलाही पक्षी आपल्या तोंडी ससाणा झाला. पण पक्षिशास्त्रात ससाणे वेगळ्या कुळातले. टोकदार लांब पंख, काळेभोर डोळे, आणि भक्ष्याची मान मोडायची ती चोचीनं. शिक्रा मारतो तो पंजांनी. जनुकांच्या अभ्यासातून तर ससाणे हे शिक्रा-घारींपेक्षा पोपटांना जवळचे निघाले आहेत.

आता शिक्रा. हा शब्द फारसीतून आला, 'शिकार'च्याच घरातला. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता, हे ध्यानात घेतलं की फारसी शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी कसा रुजला त्याचं नवल वाटत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढं आहे. पक्षी पाळून शिकार करणाऱ्यांच्या बोलीत 'शिक्रा' म्हणजे मादी. नराला 'चिपक' म्हणत. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि ताकदीची, म्हणून मुख्य नाव तिचं. शिक्र्याचा थोरला भाऊबंद बाज, त्याचंही तसंच, मादी 'बाज' आणि नर 'जुर्रा'. मराठीनं मात्र 'शिक्रा' आकारान्त बघून पुल्लिंगी केला आणि चिपक गळून गेला. लालभडक डोळे नराचे असतात, मादीचे पिवळट-नारिंगी. म्हणजे आमच्या भिंतीवर बसलेला खरं तर चिपक.

प्रतिसाद
छान माहिती. बहिरी ससाणा खरंच बहिरा असतो का? लहानपणी आम्हाला तसंच सांगितलं होतं.

प्रतिसाद
दादा, आमच्या कळंब्याच्या बागेत असाच राखाडी, रेघारेघांचा पक्षी येतो. आला की चिमण्या उधळतात. पण त्याला कधी काही मारताना बघितलं नाही. मे महिन्यात तर रात्रीसुद्धा ओरडतो.

धागाकर्ता
बहिरीला ऐकू चांगलं येतं. 'बहरी' हा बाजदारांचा, म्हणजे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांचा शब्द, अरबी-फारसी 'बहर' म्हणजे समुद्र, त्यावरून आलेला. आपल्या कानांनी त्याचा 'बहिरा' करून घेतला. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा त्याचा भाऊबंद म्हणजे शाहीन, तोही फारसीच शब्द.

कळंब्याचा पक्षी पावशा आहे, "पेरते व्हा" ओरडणारा. रंग, रेघा, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं, म्हणून चिमण्या फसतात. चोच बघा, शिक्र्यासारखी आकड्यासारखी वळलेली नसते. तो सुरवंट खातो आणि अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. शिक्र्याचा आवाज निराळा, तुटक "टी-टू".

आता माझा प्रश्न राहिलाय. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडं 'चिपक' किंवा त्याच्या जवळचा शब्द कुणी ऐकलाय का? आणि शिक्र्यासाठी क्रियापद कुठलं वापरता, धरला, मारला, की नेला? घरात जुनं माणूस असेल तर विचारून सांगा.