अठ्ठाविसाव्या वर्षी स्केटिंग सुधारतं का? (सोसायटीच्या ग्रुपवरची रविवार सकाळ)

देशपांडे काका (ए-५०१): सुप्रभात मंडळी. आज फुलांचा फोटो नाही, प्रश्न आहे. चिरंजीव टोरांटोला गेल्यापासून मीही पहाटे साडेचारला उठून आइस हॉकी बघायला लागलोय (तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात). काल फोनवर आमचं वाजलं. त्याच्या आवडत्या टीममधला एक जण हाताने जादूगार, पायाने बैलगाडी. मी म्हटलं, शिकवा त्याला स्केटिंग. तो म्हणतो, बाबा, अठ्ठाविसाव्या वर्षी जे आहे ते आहे, आता बदलत नाही. अरे, पगारी खेळाडू, दिवसभर दुसरं काम काय? ओंकार, तू यातला. निवाडा कर.

जोगळेकर काकू (बी-१०२): हॉकीत स्केटिंग कुठून आलं? धनराज पिल्ले तर पळायचा.

देशपांडे काका (ए-५०१): वहिनी, ही बर्फावरची. आणि धनराज आमच्या खडकीचा, त्याला मध्ये आणलंत तर मूळ विषय राहील बाजूला.

गायकवाड (सेक्रेटरी): ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. आज टाकी धुण्याचं काम ११ ते २. पाणी भरून ठेवावे.

देशपांडे काका (ए-५०१): म्हणजे अकरापर्यंत चर्चेला वाव आहे.

ओंकार (सी-७०२): काका, मी तुमच्या बाजूने. पण ‘शिकेल की’ इतकं सरळ नाही ते. ब्रायन बॉइल बघा. उंची साडेसहा फूट, लॉस एंजेलिस किंग्जने २००३ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला (तिकडे क्लब दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंना क्रमाने निवडतात), पण पाय जड. पुढे न्यूयॉर्क रेंजर्सकडे आला. २००९-१० च्या हंगामात ७१ सामने, ४ गोल. मग उन्हाळ्यात तो बार्बरा अंडरहिल यांच्याकडे शिकायला गेला. या बाई हॉकीतल्या नव्हेत, फिगर स्केटिंगमधल्या. १९८४ साली पॉल मार्टिनीबरोबर जोडीच्या प्रकारात जगज्जेत्या झालेल्या. पुढच्या हंगामात बॉइलचे गोल २१. वय २५-२६, म्हणजे तुमच्या बैलगाडीपेक्षा फार लहान नाही.

बापट (ए-२०३): ४ चे २१ स्केटिंगमुळेच झाले कशावरून? कोचने जास्त वेळ उतरवलं असेल. नशीबही असतं. त्याच्या पुढच्या वर्षी किती?

ओंकार (सी-७०२): ११.

बापट (ए-२०३): बघा.

ओंकार (सी-७०२): बापट काका, ११ म्हणजेही ४ च्या जवळजवळ तिप्पट. शिवाय हा माणूस ३७ व्या वर्षापर्यंत एनएचएलमध्ये (म्हणजे तिकडची सगळ्यांत मोठी आइस हॉकी लीग) खेळला, मध्ये रक्ताच्या कर्करोगातून उठून. जड पायांच्या साडेसहा फुटी माणसाला तिथे कोणी दयेवर ठेवत नाही.

देशपांडे काका (ए-५०१): 👏 चिरंजीवांना फॉरवर्ड.

मृण्मयी (बी-३०४): थांबा काका, लगेच फॉरवर्ड नको 😄 मी आइस हॉकी बघत नाही, पण फिजिओ असल्यामुळे पाय रोज बघते. ‘स्केटिंग’ म्हणून तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एकत्र मोजताय.

पळताना आपण जमीन मागे रेटतो. बर्फावर तसं चालत नाही, पातं पुढच्या-मागच्या दिशेने नुसतं घसरतं. म्हणून पातं तिरकं करून त्याच्या आतल्या कडेने बाजूला रेटायचं. त्यासाठी गुडघा खोल वाकायला हवा, आणि घोट्यातून नडगी पुढे झुकायला हवी. गुडघा कमी वाकला की रेटा आखूड. मग माणूस ताकद कितीही लावो, पाय भराभर हलताना दिसतात आणि तो मात्र जागच्या जागी. रेटा संपला की तो पाय परत शरीराच्या खाली आणायचा. तो बाहेरच रेंगाळला तर पुढचा रेटा अर्ध्यातून सुरू होतो. उंच खेळाडूंची पंचाईत बहुतेक वेळा इथे असते, सरळ उभं राहायची सवय.

आता यातलं वयाला बांधलेलं काय? स्नायूंचा झटका. म्हणजे एका क्षणात किती जोर निघतो ते. ते पंचविशीनंतर फार वाढत नाही, तिशीनंतर हळूहळू उतरतंच. पण गुडघा किती वाकवायचा, वजन कुठल्या कडेवर टाकायचं, पाय कुठे परत आणायचा, हे कसब आहे. त्याला वयाचा अडसर कमी, जुन्या सवयीचा फार मोठा. अठ्ठाविसाव्या वर्षीच्या खेळाडूने चुकीचा रेटा लाखो वेळा मारलेला असतो. तो पुसायचा नसतोच, पुसला जातही नाही. त्याच्या शेजारी नवीन बसवायचा, आणि वेळ आली की नवीनच आधी बाहेर यावा इतका घोटायचा.

जोगळेकर काकू (बी-१०२): अगदी. माहेरी मी साधी फुलक्यासारखी पोळी लाटायचे, सासरी घडीची शिकले. उत्तम येते. पण पंगतीला पन्नास पानं असली की शेवटच्या वीस पोळ्या माहेरच्या होतात.

मृण्मयी (बी-३०४): काकू, हे मी क्लिनिकमध्ये वापरणार आहे.

ओंकार (सी-७०२): आणि तिकडेही नेमकं हेच होतं. खेळाडू एका वेळी साधारण ४५ सेकंद बर्फावर असतो, मग बदली. पहिले वीस-पंचवीस सेकंद शिकवल्यासारखं स्केटिंग. दम लागला की पाठ सरळ, गुडघे सरळ, जुना गडी परत. हंगामात दुरुस्ती होत नाही याचं कारणही तेच. ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने, मध्ये विमानं. आज सामना, परवा सामना, त्यात जुनी पद्धत मोडायला घेतली तर नवी बसेपर्यंत खेळाडू आधीपेक्षा वाईट खेळतो. कोण कोच हे सहन करेल? म्हणून उन्हाळा.

बापट (ए-२०३): माझा मुद्दा अजून तिथेच आहे. तुम्ही यशस्वी झालेल्यांची नावं घेता. उन्हाळ्यात पैसे मोजून शिकायला गेले आणि हात हलवत परत आले, त्यांची बातमी कोण छापतो? विमा कंपनीत आयुष्य गेलं माझं, जिवंत राहिलेल्यांच्याच मुलाखती घेऊन मृत्युदर काढता येत नाही.

देशपांडे काका (ए-५०१): रविवारी सकाळी मृत्युदर काढू नका हो.

ओंकार (सी-७०२): मुद्दा मान्य आहे काका. पण मग जे गेले त्यांची यादी तरी बघा, ती आजची नाही. सत्तरच्या दशकात लॉरा स्टॅम या बाई न्यूयॉर्क आयलंडर्सच्या बॉब नायस्ट्रमला शिकवायच्या. स्केटिंग कच्चं म्हणून ओळखला जाणारा तो. १९८० चा स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकून देणारा ओव्हरटाइममधला गोल त्याचाच. नंतर जॉन टावारेस: २००९ ला पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, तेव्हाही सगळे म्हणत होते की हात सोन्याचे, पाय कामचलाऊ. त्याने डॉन ब्रेड यांच्याकडे काम केलं. याच ब्रेडबाईंना २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना कायोटीजने पूर्णवेळ स्केटिंग कोच म्हणून घेतलं, एनएचएलमधल्या पहिल्या पूर्णवेळ महिला कोच. अंडरहिल तर रेंजर्सनंतर टॅम्पा आणि टोरांटोकडेही होत्या. टॅम्पाचा ब्रेडन पॉइंट त्यांच्याच हाताखालचा. २०१४ ला ७९ वा निवडला गेलेला मुलगा, २०२० आणि २०२१ चे दोन्ही कप त्याच्या नावावर. क्लबं उगाच पैसे घालत नाहीत.

बापट (ए-२०३): क्लबं उगाच पैसे घालतात, हे मी आयपीएलच्या लिलावात दरवर्षी बघतो. आणि तुझ्या यादीत वयं बघ. पॉइंट अठरा-एकोणीसचा. बाकीचे विशीतले. देशपांडेंचा मुलगा ‘आता बदलत नाही’ म्हणतो, ते खोडायचं तर तिशी ओलांडलेला दाखव.

(इथे ओंकार बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत होता. तेवढ्यात गायकवाडांनी टाकीच्या झाकणाचा फोटो टाकला. त्यावर कोणी काही बोललं नाही.)

ओंकार (सी-७०२): यारोमिर यागर घ्या. २०१५-१६ मध्ये फ्लोरिडाकडून ६६ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून), तेव्हा वय ४३-४४. रात्री रिंक रिकामी झाली की अंगावर वजनं बांधून सराव करायचा.

बापट (ए-२०३): तेव्हा तो वेगवान झाला होता?

ओंकार (सी-७०२): नाही. उलट मंद. पण पाठ लावून उभा राहिला की त्याच्याकडून पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) काढून घेणं अवघड. तोल कमालीचा.

बापट (ए-२०३): मग हे उदाहरण माझ्या बाजूचं. मीही आत्ता थोडं शोधलं. पॅट्रिक मार्लो, १,७७९ सामने, सगळ्यांत जास्त. तरुणपणी वेगवान, चाळिशीतही त्यातल्या त्यात वेगवान. दुसरा लुक रोबिताय. १९८४ ला १७१ व्या क्रमांकावर निवड, कारण स्केटिंग येत नाही. कारकीर्दीत ६६८ गोल, आणि शेवटपर्यंत कोणी त्याला वेगवान म्हटलं नाही. जो जसा होता तो तसा राहिला.

ओंकार (सी-७०२): रोबितायची गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच क्लबने त्याच्या शंभर जागा आधी टॉम ग्लॅव्हिनला निवडलं, आणि तो पुढे बेसबॉलचा नामांकित पिचर झाला. इतकं कळतं निवडणाऱ्यांना.

देशपांडे काका (ए-५०१): बापट, झहीर आठवतो? आपला श्रीरामपूरचा. भारतीय संघाबाहेर होता, २००६ ला वूस्टरशरला काउंटी खेळायला गेला, ७८ विकेट काढल्या, आणि परत आला तो रन-अप आखूड करून. २७ वर्षांचा फास्ट बोलर आपली धाव बदलतो! पुढे २०११ च्या वर्ल्ड कपला २१ विकेट.

बापट (ए-२०३): झहीर कबूल. पण त्याचा वेग वाढला नव्हता देशपांडे. उगाच जाणारी ताकद वाचली आणि चेंडू त्याचं ऐकायला लागला.

मृण्मयी (बी-३०४): बापट काका, मग स्केटिंगमध्येही तेवढंच व्हायला हवं ना? रिंक केवढी असते ओंकार?

ओंकार (सी-७०२): ६१ मीटर लांब, २६ रुंद. त्यात दोन्हीकडचे मिळून दहा जण आणि दोन गोलकीपर.

मृण्मयी (बी-३०४): एवढ्या गर्दीत कमाल वेग गाठायला मोकळी जागा किती वेळा मिळणार? सामना चालतो तो थांबणं, वळणं आणि पहिल्या तीन पावलांवर. त्यात पहिली तीन पावलं अर्धी ताकदीची, अर्धी कोनाची. कोन सुधारता येतो. वळताना आतला पाय बाहेरच्या कडेवर टाकायची भीती कित्येक चांगल्या खेळाडूंना असते म्हणे, तीही सुधारता येते. त्यापेक्षा मोठं म्हणजे तेवढ्याच वेगाला कमी दम लागणं. शेवटच्या दहा मिनिटांत जो आधीसारखाच वळतो, तो बघणाऱ्याला वेगवान वाटतो, कारण बाकीचे उतरलेले असतात. पस्तिशीच्या खेळाडूकडून मी कमाल वेग मागणार नाही. पण कंबरेचा आणि घोट्याचा ताठरपणा काढून त्याला चार अंश खाली बसवता येतं, आणि त्या चार अंशांत पुष्कळ काही आहे. मात्र एका उन्हाळ्यात नाही. दोन तरी द्यावे लागतील, आणि त्यात जुनी जांघेची दुखापत नको.

शिंदे सुभेदार (बी-६०३): नमस्कार. मी लेहला पोस्टिंगला होतो. तिथे जवान आणि गावची मुलं-मुली गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळतात. नैसर्गिक बर्फ हिवाळ्यातले जेमतेम दोन-अडीच महिने. तरी आपल्या मुलींनी जून २०२५ मध्ये अल ऐनला आशिया कपचं कांस्य आणलं. त्यांतल्या बऱ्याच जणी लडाखच्याच. तिथे मोठ्या वयाची माणसंही एका हिवाळ्यात डोळ्यांदेखत सुधारताना बघितलीत.

ओंकार (सी-७०२): शिंदे काका, बर्फ कमी मिळालेल्याला सुधारायला जागा भरपूर असते. कॅनडातला मुलगा चौथ्या-पाचव्या वर्षापासून रिंकवर असतो, त्याच्या स्केटिंगमधलं सोपं ते सगळं केव्हाच काढून झालेलं असतं. उरतं ते अवघड.

शिंदे सुभेदार (बी-६०३): बरोबर. पण लेहच्या मुलीला वर्षभर बर्फ दिला तर काय होईल, हा प्रश्न मला तुमच्या बैलगाडीपेक्षा मोठा वाटतो.

देशपांडे काका (ए-५०१): सुभेदार, सलाम. चूक आमचीच, आपलं सोडून टोरांटोचं बघतोय.

बापट (ए-२०३): विषय सोडू नका. ओंकार, वेग मोजतात का ते?

ओंकार (सी-७०२): मोजतात. पकमध्ये आणि खेळाडूंच्या जर्सीत सेन्सर असतात. एनएचएल एज नावाने २०२१-२२ पासूनचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. सगळ्यांत वेगवान खेळाडू ताशी ३८-३९ किलोमीटरच्या आसपास जातात. शिवाय ताशी ३२ च्या वर कोण किती वेळा गेलं, तेही मिळतं.

बापट (ए-२०३): हे आधी सांगायचं, दोन तास गोष्टी सांगत बसलास. तिशी ओलांडलेले सगळे काढ, फक्त नावाजलेले नकोत. कमाल वेग सोड, मृण्मयी म्हणते ते पटलं मला. ३२ च्या वरचे झटके, बर्फावरच्या दर तासाला किती, आणि वर्षागणिक ते किती उतरतात. ज्यांचे उतरले नाहीत किंवा वाढले, ते वेगळे. मग त्यांतले कोण कोणाकडे शिकायला गेले ते बघू.

ओंकार (सी-७०२): वळणं त्यात नाही कळणार काका. आणि थकल्यावरचं तर नाहीच.

बापट (ए-२०३): जेवढं कळेल तेवढं कळू दे. एक्सेल कर.

ओंकार (सी-७०२): दुपारी टाकतो ग्रुपवर.

गायकवाड (सेक्रेटरी): एक्सेल ग्रुपवर टाकू नये. मेंटेनन्सची टाकली आहे, ती अजून कोणी उघडलेली नाही.