नशीब नव्हे, रोल वाचवणं
‘प्रेस फोटोग्राफरला लेखक-कवींचे चांगले पोर्ट्रेट मिळतात ते नशिबाने’ हे मत काही पटलं नाही. आमचे काका सोलापुरात एका दैनिकासाठी फोटो काढायचे. 36 फोटोंचा एक रोल; त्यातच सकाळचा मोर्चा, दुपारचा अपघात आणि रात्री हुतात्मा स्मृती मंदिरातलं कविसंमेलन. कवीच्या वाट्याला उरायचे चार-पाच. म्हणून ते स्टेजसमोर घुटमळायचेच नाहीत, मेकअप रूमच्या दाराशी थांबायचे. फ्लॅश नाही. ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म 400 आयएसओची (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचा आकडा); कमी उजेडासाठी ती 1600 ची धरून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, जास्त वेळ ठेवायची. फोटोत दाणे यायचे, पण चष्मा पुसणाऱ्या कवीचे उघडे डोळे मिळायचे.

निगेटिव्ह मात्र ऑफिसच्या. जागा बदलताना पोत्यात भरून गेल्या रद्दीत. घरी उरल्या त्या काही कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर), बिस्किटाच्या डब्यात.