बिलावर ‘एफ’, रिपोर्टवर ‘जे’

बी-४०२ काकू: लेकीच्या साखरपुड्याची अंगठी, ५० सेंटचा (अर्ध्या कॅरेटचा) हिरा. बिलावर रंग ‘एफ’ लिहिलाय. काल हिऱ्याचा लॅब रिपोर्ट मिळाला, त्यात ‘जे’. दुकानात पांढरी शुभ्र दिसत होती, घरी गॅलरीत कडेने पिवळट दिसते. दुकान कोणी सुचवलं ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-१०४ काका: वहिनी, सरळ माझं नाव घ्या. दुकान सुचवलं, हिरा मी निवडला नव्हता.

ए-३०१: हॉलमार्क आहे ना? मग काळजी कशाला?

सेक्रेटरी: कृपया सोसायटीचेच विषय. उद्या टाकी सफाई, १० ते २ पाणी बंद.

डी-२०३ (बीकेसी, हिरेबाजार): काकू, रंगाची पट्टी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत. डी-ई-एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन, त्यातला ‘जे’ शेवटचा. पिवळी झाक बहुतेक नायट्रोजनमुळे येते. एकेका अक्षराला भाव उतरतो. इथे तर चार अक्षरं.

ई-१०२: ‘डी’पासूनच का? ए, बी, सी कुठे गेले?

डी-२०३: पूर्वी व्यापारी ए, डबल ए असं मनाला येईल तसं लिहायचे. जीआयए या अमेरिकन रत्नसंस्थेने १९५०च्या दशकात नवी पट्टी आणली, म्हणून ती अक्षरं टाळली.

ए-३०१: पण हॉलमार्क आहे ना??

डी-२०३: दादा, हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा. हिऱ्याच्या रंगाशी संबंध नाही.

बी-१०१: पिवळंच हवं तर सोनं घ्यायचं 😄

बी-४०२ काकू: चेष्टा नको हो. एफडी मोडून घेतली आहे. दुकानदार म्हणतो, डोळ्याला फरक कळतच नाही.

डी-२०३: दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली नाहीच कळत. लॅबमध्ये सुटा खडा पालथा ठेवून, ठरलेल्या उजेडात, नमुन्याच्या खड्यांशेजारी बघतात. तुमचं कोंदण व्हाइट गोल्डचं, त्यात झाक उठून दिसते. पिवळ्या सोन्यात हाच खडा छान दिसेल. ‘जे’ वाईट हिरा नाही काकू. पण पैसे ‘एफ’चे घेतलेत, ते चूक.

सी-१०४ काका: मग कोंदण बदलून घ्या, विषय संपला.

बी-४०२ काकू: भाऊजी, कोंदणाने भाव भरून येतो का? पार्किंगच्या वेळीही तुम्ही असंच म्हणालात, विषय संपला.

सेक्रेटरी: पार्किंग इथे नको. १० ते २ पाणी बंद.

ए-३०१: हॉलमार्क असेल तर दुकानदार नाकारू शकत नाही.

डी-२०३: काकू, रिपोर्टचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलाय का ते आधी भिंगातून बघून घेऊ, म्हणजे खडा तोच आहे हे पक्कं. मग बिल आणि रिपोर्ट दाखवून फरक लेखी मागा. नाही म्हणाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बी-४०२ काकू: उद्या ११ला जाते. एकटीने बोलायला धीर होत नाही.

सी-१०४ काका: वहिनी, मी येतो. दुकान मीच सुचवलं होतं.

बी-४०२ काकू: बरं. पावणेअकराला गेटवर.