सावली छाटण्याआधी खोड बघा

‘बागेतली सावली कमी केली की कॉफी जास्त लागते’ असं एक मत आहे. रोबस्टा या कॉफीच्या प्रकारापुरतं ते बरंचसं पटतं. कर्नाटकातल्या चिकमगळूर-कोडगूच्या छोट्या अरेबिका (कॉफीचा दुसरा प्रकार) बागांत मात्र ते महागात पडतं, कारण पांढऱ्या खोडकिड्याची (याची अळी खोड आतून पोखरते) मादी उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीतल्या भेगांत अंडी घालते. फणस, उंबर काढून नुसता सिल्व्हर ओक ठेवला तरी तेच; त्यावर मिरी चढते हे खरं, पण सावली विरळच.

या किडीचे भुंगे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये खोडातून बाहेर पडतात. त्याआधी मुख्य खोड आणि जाड फांद्यांची सुटी साल काथ्याने घासून काढा. कोयता नको, आतली हिरवी साल सोलली तर झाडच जातं. मग २०० लिटर पाण्यात २० किलो चुना, गाळून (नाहीतर नोझल तुंबतं), खोडावर फवारायचा. खोडावर उंचवटे आणि पानं पिवळी दिसली की अळी आत आहे, आता चुन्याचा उपयोग नाही. असं झाड भुंगे उडण्याआधी उपटून जाळा. सरपण म्हणून घरामागे रचून ठेवलं तर भुंगे तिथूनच निघतात, आणि ही चूक फार जण करतात.