आजारपणाच्या वर्षी घरचा गणपती कसा करावा? अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

आमचे मूळ घर कुडाळ तालुक्यात आहे. एरवी डोंबिवली, पुणे आणि बेळगाव येथे विखुरलेले आम्ही चौदाजण चतुर्थीला तिथे एकत्र येतो आणि गौरींबरोबर विसर्जन करूनच परततो. पूजा गेली छत्तीस वर्षे वडीलच करतात. यंदा मात्र वडिलांची (वय ७१) लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी) दर २१ दिवसांनी केमोथेरपी चालू आहे आणि गावीच राहणाऱ्या धाकट्या काकांचे मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे दर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी डायलिसिस करावे लागते.

चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे सोमवारीच आहे. वडिलांचा चौथा डोस ४ तारखेला ठरला आहे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्यामुळे सणाचे बहुतेक सगळे दिवस नेमके त्याच काळात येतात, आणि सणासाठी डोस पुढे ढकलणे योग्य नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र असो वा पहाट, तत्काळ रुग्णालय गाठायचे आहे. आमच्या गावातून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचायला पावसात दोन तास तरी धरावे लागतात.

म्हणून वडिलांनी डोंबिवलीतच राहावे आणि पूजा चुलत भावाने करावी, असे मला वाटते. प्रतिनिधीने पूजा केली तरी चालते, असे गुरुजींनीही सांगितले आहे. पण नागपंचमीच्या आधीच वडिलांनी काकांना फोन करून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मूर्तीसाठी पाट पोहोचवला होता, हे आम्हाला नंतर कळले. “माझ्यामुळे गणपती मोडायचा नाही,” एवढेच ते म्हणाले. उजव्या दंडात केमोची नळी असल्याने सध्या ते डाव्या हाताने एका वहीत पूजेचा क्रम लिहून काढत आहेत. अक्षर वाकडेतिकडे आले आहे, तरी प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वा कुठे लावायची, माटवीला (मूर्तीच्या वर टांगायच्या चौकटीला) कांगले, तेरडा आणि सुपारीचा घड कोणत्या बाजूस बांधायचा, हे सारे त्यात आहे. ही वही पाहिल्यावर त्यांना येऊ नका म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

त्यांना नेलेच तर काय काय सांभाळावे लागेल, याचा विचार मी केला आहे. ओला पाला, रानफळे आणि फुले यांवर बुरशी असू शकते, त्यामुळे माटवीखाली त्यांना बसवता येणार नाही. कच्च्या दुधा-दह्याचे पंचामृत आणि कापून ठेवलेली फळे त्यांना द्यायची नाहीत. धूप कमी ठेवता येईल, शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या मुलांना दूर ठेवता येईल. खरी अडचण भजनाची आहे. रोज रात्री वाडीतली पंचवीस-तीस माणसे खळ्यातून (अंगणातून) आत येतात, आरत्या म्हणतात आणि वडिलांच्या पाया पडल्याशिवाय जात नाहीत. ज्यांनी काकांना पावसाळ्यात डायलिसिसला नेण्यासाठी स्वतःची गाडी काढली, त्याच माणसांना आत येऊ नका असे कोणत्या तोंडाने सांगावे?

काकांचे दुखणे वेगळे आहे. त्यांना पाणी मोजून प्यावे लागते, आणि केळी व शहाळे त्यांना वर्ज्य आहेत. प्रसादाचे ताट समोर आले की सगळ्यांसमोर नाही म्हणताना त्यांना अवघडल्यासारखे होते, असे काकूने मला बाजूला घेऊन सांगितले.

ज्यांच्या घरी केमोथेरपी चालू असताना गणपती आणला गेला, त्यांनी रुग्णाला गावी नेले का, आणि नेले असल्यास वेगळी खोली, भेटी आणि जेवण यांची व्यवस्था कशी केली? गौरींऐवजी यंदापुरते दीड दिवसात विसर्जन करावे, असे आत्या सुचवते. पुढच्या वर्षी पुन्हा पूर्वीप्रमाणे करता येते का, आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी काय सांगितले? वाडीतल्या मंडळींना भजन खळ्यातच म्हणण्याची विनंती कोणी केली असेल, तर ती कोणी आणि कोणत्या शब्दांत केली, हे जरूर लिहावे. काकांची सोमवारची पाळी पहाटेची मागून घेऊन पूजा दुपारी ठेवावी, असा आमचा विचार आहे. डायलिसिसनंतर येणाऱ्या थकव्यात तेवढा वेळ बसणे जमते का?

४ तारखेच्या आत ठरवावे लागेल, कारण गाडी आणि काकांची पाळी दोन्ही त्याआधीच सांगून ठेवायची आहेत.