जुन्या कौलारू घरात एसी बसवायचाय (पेडणे तालुका, गोवा), मशीन सोडून वर किती धरू?

मांद्रेकर७
नमस्कार मंडळी. घर मांद्र्यात, आजोबांच्या वेळचं, चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि त्याखाली फळ्यांचा माळा. आईची खोली ११ बाय १२. गेल्या मे महिन्यात तिची झोपच गेली, रात्री दोनला उठून राजांगणात खुर्ची टाकून बसायची. मागे स्लॅबची खोली आहे, तिथे झोप म्हटलं तर देवघरापासून लांब पडतं म्हणून ऐकत नाही. तर एसी तिच्याच खोलीत हवाय. दुकानदार म्हणतो एक टन पुरे, मेव्हणा म्हणतो दीड. थ्री स्टार की फाइव्ह? इन्स्टॉलेशन फ्री लिहिलंय पण ते खरंच फ्री असतं का? बजेट सगळं धरून ४५ हजार. समुद्र एक किलोमीटरवर आहे हे पण लक्षात घ्या.

पर्वरीची_पमा
फ्री म्हणजे माणूस फ्री येतो 😄 आमच्या फ्लॅटला दोन वर्षांपूर्वी बसवला तेव्हा स्टँड वेगळा, जास्तीचा पाइप वेगळा, भोक पाडायचे वेगळे, असं करत करत साडेपाच हजार वर गेले. मशीनसोबत साधारण तीन मीटर कॉपर पाइप येतो, त्यापुढे मीटरमागे पैसे. आमच्याकडे आउटडोअर (एसीचं बाहेर ठेवायचं युनिट) गच्चीत न्यावा लागला कारण सोसायटीने दर्शनी बाजूला नको सांगितलं. तुम्हाला ती कटकट नाही.

वायरमन_डिचोली
दादा मी हेच काम करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. टनचं नंतर बघू. आधी माळ्याकडे बघा. दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट आहे का? जुन्या घरांत असतेच. मग तुम्ही कौलं गार करत बसणार, खोली नाही. दुपारभर तापलेलं कौल रात्री बारापर्यंत गरमी खाली सोडतं. एक टन म्हणजे वजन नाही, तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप) बाहेर काढायची ताकद, स्लॅबखालच्या १३२ स्क्वेअर फुटाला तो कसाबसा चालेल, कौलांखाली नाही. दीड घ्या, इन्व्हर्टरच घ्या (बॅटरीचा नाही, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा एसी), आणि आधी खाली पीव्हीसी किंवा जिप्समचं सीलिंग मारून घ्या, नाहीतर दोन टन लावलात तरी आईला घाम फुटणार.

मोठा घेतला की चांगला असंही नाही हां. आपल्याकडे उष्णतेपेक्षा दमटपणा जास्त छळतो. साधा नॉन-इन्व्हर्टर गरजेपेक्षा मोठा असला की पटकन गार करून कॉम्प्रेसर बंद होतो, हवेतलं पाणी काढायला वेळच मिळत नाही, खोली गार पण चादर चिकट. इन्व्हर्टर हळू चालत राहतो म्हणून बरा.

आता वायरिंग. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायर असेल तर तिला हात लावू नका, मीटरच्या बोर्डापासून एसीसाठी वेगळी लाइन ओढा, चार स्क्वेअर एमएम कॉपर, २० अँपियरचा सी-टाइप एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग मोजून घ्या. खोलीतल्या पंख्याच्या सॉकेटवर एसी लावलेला मी पाहिलाय, सॉकेट पिवळं पडून वितळलेलं. विजेच्या बिलावर मंजूर लोड किती किलोवॅट लिहिलाय तोही बघून ठेवा. दीड टनचं मशीन जोरात चालताना दीड-पावणेदोन किलोवॅट ओढतं, त्यात गिझर आणि पंप एकदम चालू झाले तर जुना एक-दोन किलोवॅटचा लोड पुरत नाही, अर्ज करून वाढवून घ्यावा लागतो.

साखळीचो_भाऊ
एवढं सगळं करण्यापेक्षा कौलांना वरून पांढरा रंग मारा आणि एक एक्झॉस्ट लावा. आमच्या लहानपणी कुठे होते एसी.

पर्वरीची_पमा
भाऊ, तुमच्या लहानपणी माड पण जास्त होते 🙂

हिशेबी_फोंडा
स्टारचं मी सांगतो, कारण मी पेन्सिल घेऊन बसलेलो. बीईईच्या (स्टार देणारी सरकारी संस्था) लेबलवर जो वर्षाचा युनिट आकडा असतो तो १,६०० तासांवर काढलेला असतो. २०२५ सालच्या लेबलप्रमाणे दीड टनला फाइव्ह स्टारचा आकडा ७८०च्या आसपास आणि थ्री स्टारचा हजाराच्या आसपास धरा, मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे फरक २२० युनिट, पण १,६०० तास चालवला तर. तुमची आई मार्च ते मे रात्री आठ तास चालवणार, म्हणजे झाले साधारण ७२० तास, फरक उरला शंभर युनिट. युनिटला पाच रुपये धरले तरी वर्षाला पाचशे. फाइव्ह स्टारसाठी सात हजार जास्त देणार तर चौदा वर्षं लागतील फिटायला, आणि समुद्राजवळ मशीन चौदा वर्षं टिकलं तर मला पण कळवा. बारा महिने चालवणाऱ्याने मात्र फाइव्हच घ्यावा. आणि लेबलवरचं साल बघा, स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचा फाइव्ह आणि नव्या सालचा फाइव्ह सारखे नसतात. दुकानदार जुना माल आधी पुढे करतो.

जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, बिलात बघून घ्या.

मांद्रेकर७
सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः डिचोलीकर भाऊंना. फटी आहेत, आज शिडी लावून बघितलं, नुसतं बोट काय पेन जातं. पण खारी हवा, त्याचं काय? आणि चिऱ्याच्या भिंतीला स्टँड धरेल का?

वायरमन_डिचोली
चिरा सच्छिद्र, नरम असतो. काँक्रीटमध्ये मारतात तो अँकर बोल्ट चिऱ्यात मारला तर आज घट्ट वाटतो, मशीनच्या थरथरीने वर्षभरात भोक मोठं होतं. एक तर आरपार बोल्ट घालून आतून पट्टी लावा, नाहीतर सरळ जमिनीवर ठेवा. कौलारू घराला जमीनच बरी. चिऱ्याचा चौथरा बांधा, फूट-सव्वा फूट उंच, नाहीतर जूनमध्ये तांबडा चिखल उडून मागची जाळी भरते. पागोळ्यांच्या रेषेत ठेवू नका. आणि माडाखाली तर अजिबात नको, हसू नका, शिवोलीला एका गिऱ्हाइकाच्या आउटडोअरवर नारळ पडून पंखाच वाकला होता.

खाऱ्या हवेला कॉइल कॉपरचीच घ्या, कोटिंगवाली. आउटडोअरचं तोंड समुद्राच्या वाऱ्याकडे करू नका, घराच्या आडोशाला ठेवा. महिन्यातून एकदा एमसीबी पाडून साध्या पाण्याने आउटडोअर धुवा, नळाची हलकी धार, प्रेशर पंप नको.

आता मुख्य गोष्ट, माणूस फिटिंगला येईल तेव्हा जवळ उभे राहा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून निदान पंधरा-वीस मिनिटं व्हॅक्यूम मारायला सांगा. सीझनमध्ये दिवसाला सहा फिटिंग असतात म्हणून हे लोक थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतात आणि फिसकन आवाज झाला की झालं म्हणतात. पाइपात हवा नि ओल राहते, कूलिंग पहिल्या वर्षी ठीक, मग रडगाणं. शिवाय आता बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, खोलीत सोडायची वस्तू नाही ती. नट आवळल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायला सांगा. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं आणि शेवटी पुट्टीने बुजवायचं. आमच्याकडे अर्ध्या तक्रारी पाल आत जाऊन सर्किट जळल्याच्या असतात.

मांद्रेकर७ (पाच आठवड्यांनी)
झालं एकदाचं. ज्यांना असंच काम करायचंय त्यांच्यासाठी हिशेब टाकतो. दीड टन थ्री स्टार इन्व्हर्टर ३६,८००. फिटिंग १,५०० (फ्री फक्त जाहिरातीत), चौथरा आणि रबरी पाय ९००, दोन मीटर जास्तीचा पाइप १,७००, दीड फूट चिऱ्यातून भोक ८००, वेगळी वायर, एमसीबी आणि अर्थिंग धरून ५,२००, स्टॅबिलायझर २,९००. झाले ४९,८००. वर पीव्हीसी सीलिंग १२,५००. म्हणजे ६२,३००, बजेटच्या सतरा हजार वर, बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

फिटिंगवाला पोरगा व्हॅक्यूम पंप न घेताच आलेला. मी म्हटलं पंपाशिवाय जोडू देणार नाही. तो म्हणाला काका, कोणीच नाही मारत. मी खुर्ची आणून तिथेच बसलो. शेवटी दुपारनंतर पंप घेऊन आला, वीस मिनिटं मारला, आणि साबण लावल्यावर एका नटाला खरंच बुडबुडे आले! परत आवळला, परत व्हॅक्यूम. ते बघून तो पण गप्प झाला.

आई २६ वर ठेवते आणि वर पंखा एकवर. पहिल्या रात्री म्हणाली थंडी वाजते, दुसऱ्या रात्री दार लावून घेतलं, आता सकाळी सातला उठवावं लागतं. ड्रेनचं पाणी बादलीत जमतं ते फरशी पुसायला.

एकच राहिलं, पावसात आउटडोअर प्लास्टिकने बांधून ठेवू का? जून ते सप्टेंबर तसा बंदच असेल.

वायरमन_डिचोली
बांधू नका. आत वाफ कोंडून जास्त गंजतो आणि उंदीर राहायला येतात. वर फक्त पत्र्याचं छप्पर द्या, बाजू मोकळ्या. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास ड्राय मोडवर (दमटपणा काढायच्या सेटिंगवर) चालवा, आईच्या खोलीतल्या कपड्यांची बुरशी पण कमी होईल.

मांद्रेकर७
पत्रा आहे घरात. रविवारी ठोकतो.